विषारी कंदाचा साबुदाणा उपासाला चालतो का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही लातूरच्या. सासूबाई नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करतात आणि त्यातले बहुतेक दिवस साबुदाण्यावरच काढतात. मुलाने फोनवर वाचलं की साबुदाणा विषारी कंदापासून करतात, तो कंदही परदेशी आहे, आणि घरात वाद सुरू झाला. हे खरं आहे का, खरं असेल तर असला पदार्थ उपासाला आला कसा, आणि आपल्या मराठवाड्यात कंदांची स्वतःची काही रीत, काही कथा आहे की नाही, असं तुम्ही विचारलंत.

मी गृहविज्ञान शिकलेली. परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या बचत गटांना वाळवणं, उपासाची पिठं, हळदीची प्रतवारी हे शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. शिकवताना जितकं दिलं त्याहून जास्त म्हाताऱ्या बायकांकडून ऐकायला मिळालं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी काळजीचं. मुलाने वाचलं ते अर्धं खरं आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. केरळात त्याला कप्पा म्हणतात, तमिळनाडूत मरवळ्ळी. या कंदात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. कंद किसला, कुटला किंवा चावला की त्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या द्रव्यावर काम करतं आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतं. गोड जातीत हे कमी, कडू जातीत फार. पण हे विष पाण्यात जातं आणि साधारण २६ अंशांनाच वायू होऊन उडायला लागतं. साबुदाण्याच्या कारखान्यात कंद सोलतात, धुतात, किसतात, भरपूर पाण्याने त्याचं दूध काढतात, ते गाळून हौदात निवळत ठेवतात, तळाशी बसलेलं सत्त्व काढून झुलवत झुलवत त्याचे गोळे करतात, तापल्या तव्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. एवढ्या फेऱ्यांनंतर विष नावालाही उरत नाही. सासूबाईंनी निर्धास्त खावा. जपायचं ते वेगळ्या कारणासाठी, त्याकडे शेवटी येते.

कच्चा कंद मात्र कधी चाखू नये. आता मोठ्या शहरांच्या भाजीबाजारात तो दिसतो, आणि नवखं माणूस गाजरासारखा कापून खाईल अशी मला धास्ती वाटते. सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकूनच द्यायचं.

आता तुमचा खरा प्रश्न, आणि मला सगळ्यात जवळचा. जगात जिथे जिथे लोक कंदावर जगले, तिथे कंदाची कथा आणि कंद खाण्याजोगा करण्याची रीत या दोन्ही गोष्टी जोडीने आल्या.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ब्राझीलच्या बाजूचा. तिथल्या तुपी लोकांची कथा अशी की एका मुखियाच्या मुलीला पुरुषाच्या संगाशिवाय दिवस गेले. बाप संतापला, पण झालेली मुलगी इतकी गोरीपान आणि गोड की त्याचा राग गेला. नाव ठेवलं मानी. ती लवकर चालायला लागली, बोलायला लागली, आणि वर्षाची होता होता काही दुखणं नसताना गेली. तिला घरातच पुरलं आणि रोज त्या जागी पाणी घातलं. तिथे कुणाच्या ओळखीचं नसलेलं झाड उगवलं. त्याची फळं खाऊन पाखरं झिंगली. मग जमीन भेगाळली आणि खाली मानीच्या अंगासारखा पांढरा कंद दिसला. झिंगणारी पाखरं मला फार महत्त्वाची वाटतात. हे अन्न आहे, पण सरळ तोंडात घालू नका, ही ताकीद कथेतच ठेवून दिली आहे.

इंडोनेशियाच्या सेराम बेटावर वेमाले लोकांत हैनुवेलेची कथा आहे. मुलीला नाचाच्या रिंगणात मारून पुरतात, बाप तिचा देह उकरून तुकडे करून जागोजागी पुरतो, आणि त्या तुकड्यांतून लोकांचे कंद उगवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांतही पहिला याम, म्हणजे आपल्या करांद्याचा थोरला भाऊ म्हणा, पुरलेल्या लेकरातून आला असं सांगतात. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट का सुचावी? मला वाटतं, कंद लावताना माणूस बी पेरत नाही, अंगाचा तुकडा पुरतो. डोळा असलेला बटाट्याचा काप, सुरणाच्या गड्ड्याची फोड, कसाव्याच्या दांड्याचं कांडं. पुरलेल्यातून जिवंत वर येतं हे वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला ही कथा आपसूक सुचणारच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं कुठे आहे? आहे, आणि तुमच्या लातूरपासून फार लांबही नाही. तुळजापूरला पौषात शाकंभरी नवरात्र बसतं. त्याआधी आई भवानीची मंचकी निद्रा असते, म्हणजे देवीला पलंगावर निजवतात. देवीमाहात्म्यात देवीचं वचन आहे की शंभर वर्षं पाऊस पडणार नाही तेव्हा मी माझ्या देहातून उगवलेल्या शाकभाज्यांनी जग जगवीन, पाऊस येईपर्यंत. दुष्काळात देवीच्या अंगातून अन्न उगवतं! मानीच्या कथेचीच ही बहीण आहे, फक्त इथे देवी मरत नाही, ती धरून ठेवते. मराठवाड्याने दुष्काळ भोगले. १९७२ साली कामावरच्या बायकांनी मिलो नावाची परदेशी ज्वारी खाऊन दिवस काढले, ज्या गावांना जंगल जवळ होतं त्यांनी पाला आणि कंद शोधले. अशा मुलखात शाकंभरीची पूजा टिकली याचं मला नवल वाटत नाही. पौषी पौर्णिमेला घराघरांत जमतील तितक्या भाज्यांचा नैवेद्य करतात, त्यात मुळा, गाजर, रताळं, सुरण हे जमिनीखालचं जरूर ठेवा. अलीकडे फक्त पालेभाज्यांवर भागवलं जातं, ते मला अपुरं वाटतं.

रितीकडे येते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बायका कडू कसावा किसतात आणि विणलेल्या लांब नळीत भरतात. तिला तिपिती म्हणतात. नळी वरून टांगायची, खालून वजनाने ओढायची, म्हणजे ती आवळत जाते आणि विषारी रस गळतो. रसाच्या तळाशी बसतं ते सत्त्व, आपल्या साबुदाण्याचा जीव तोच. वरचा रसही फेकत नाहीत, खूप वेळ उकळून विष घालवून त्याचं कालवण करतात. चोथ्याचं पीठ होतं किंवा मोठ्या तव्यावर भाकरी. कसाव्याच्या या भाकरीची परंपरा २०२४ साली युनेस्कोने क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, हैती, होन्डुरास आणि व्हेनेझुएला या पाच देशांच्या नावाने आपल्या वारशाच्या यादीत घेतली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हा कंद आफ्रिकेत नेला. तिथल्या बायकांनी आपल्या वाटा काढल्या. नायजेरियाकडे किसून पोत्यात भरतात, वर दगड ठेवून दोनचार दिवस आंबवतात आणि मग परततात, त्याला गारी म्हणतात. काँगोत अख्खे कंद नदीच्या पाण्यात तीनचार दिवस बुडवून ठेवतात.

ही रीत तोडली की काय होतं ते मोझांबिकने पाहिलं. १९८१ साली नामपुला भागात मोठा दुष्काळ पडला. बाकी पिकं गेली, उरला तो कडू कसावा. भूक लागलेली, त्यामुळे आंबवण्या-वाळवण्याचे दिवस कमी केले. हजाराहून जास्त लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, त्यात बायका आणि लेकरंच जास्त. या रोगाला कोंझो म्हणतात आणि काँगोमध्ये तो १९३८ पासून नोंदलेला आहे. नुसता कंद खाऊन हे होत नाही. ताटात डाळ, मासे, शेंगदाणे असं प्रथिनाचं काही नसेल तर सायनाइड निपटून काढायला शरीराकडे गंधकाचा साठा उरत नाही, आणि मग घात होतो. आपल्याकडे लाखेची डाळ दुष्काळात पोटभर खाऊन पाय गेल्याच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांनी ऐकलेल्या असतील. १९६१ साली त्या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. अवर्षणात तग धरणारं पीक बहुधा स्वतःच्या बचावासाठी काही विष बाळगून असतं, आणि अवर्षणातच माणूस सोपस्कार टाळतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी यावर साधा उपाय बसवला. कसाव्याचं पीठ पाण्याने ओलं करायचं, पातळ थर पसरून उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचं, विष उडून जातं आणि मग शिजवायचं. आफ्रिकेतल्या गावांमध्ये बायकांना हे शिकवलं गेलं. गटात शिकवणारी बाई म्हणून या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे कसावा केरळात आधी आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याचा प्रसार केला. लोक विषाला भ्यायले तेव्हा महाराजांनी राजवाड्यात कप्पा शिजवून स्वतः खाल्ला, असं तिकडे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला तेव्हा त्रावणकोर याच कंदावर तगलं. साबुदाण्याचं निराळं आहे. आधी तो मलाया, सिंगापूरकडून यायचा आणि तो सागो ताडाच्या खोडातल्या गराचा असायचा. युद्धात ती आयात बंद पडली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखानदारांनी कसाव्याच्या सत्त्वापासून दाणे पाडायला सुरुवात केली. आजही आपल्या किराणा दुकानात येणारं पोतं बहुतेक सेलमच्या बाजूचंच असतं.

म्हणजे बघा, आपल्यापर्यंत कंद आला नाही, झाड आलं नाही, कथा आली नाही, विष काढण्याची रीतही आली नाही. आला तो फक्त धुऊन, निवळून, भाजून तयार झालेला पांढरा दाणा. साबुदाण्याबद्दल आपल्या घरात एकही गोष्ट सांगितली जात नाही आणि म्हणूनच फोनवरच्या कुठल्याही निरोपाला लोक घाबरतात. किडे पडतात, पायाने तुडवतात, हे निरोप दरवर्षी आषाढीच्या आधी फिरतात. खरी खबरदारी एवढीच आहे की आंबूस वास येणारा आणि डोळे दिपतील इतका पांढरा साबुदाणा घेऊ नये. किंचित पिवळसर झाक असलेला चांगला.

उपासाला तो चालला कसा? माझा तर्क ऋषिपंचमीवरून बांधलेला आहे. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरटीचं, पेरलेलं धान्य नको, परसातलं, रानातलं, हाताने खणलेलं चालतं. मग अळू, अळकुड्या, सुरण, लाल भोपळा, दोडका, काकडी यांची एकत्र भाजी होते. मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू त्या दिवशी मानाचा होतो. उपासाचा जुना विचारही हाच. कसून पिकवलेलं धान्य वर्ज्य, कंद, मूळ, फळ चालेल. पुढे रताळं, बटाटा, साबुदाणा आला तो कंद म्हणून त्याच दारातून आत आला. हे तिन्ही मूळचे अमेरिकेतले, शेंगदाणा, मिरची आणि राजगिराही तिकडचेच. आपल्या फराळाच्या ताटात इथला जुना जो काही आहे तो भगर, शिंगाडा आणि सुरण. यात धर्म बुडाला असं मला मुळीच वाटत नाही. पाहुण्या कंदाला ऋषींच्या कंदमुळांच्या शेजारी पाट मांडला, ही आपल्या आज्यांची समज आहे.

यात्रेतल्या रामकंदाचंही सांगून टाकते, कारण मुलं विचारतात. तुळजापूर, माहूरच्या वाटेवर मोठा ढोलासारखा तांबूस कंद ठेवून विक्रेते त्याच्या पातळ चकत्या देतात. रामाने वनवासात खाल्लेला म्हणून लोक श्रद्धेने घेतात. कोल्हापूरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासून तो घायपाताच्या वर्गातल्या झाडाचा असल्याचं दाखवलं. घायपातही मेक्सिकोकडचं. पातळ चकती ठीक, पण लेकरांना जास्त देऊ नका.

ज्या वस्तीत जैन मंडळी आहेत तिथे तुम्हाला उलटं दिसेल. कुंथलगिरी, कचनेरच्या परिसरातल्या घरांत कंदमुळं वर्ज्य, कारण कंदात अनंत जीव मानतात आणि तो उपटला की झाडच जातं. एकाच आळीत एका घरी एकादशीला रताळं उकडतं आणि शेजारच्या घरी ते कधीच येत नाही. दोघींचं कारण आदराचंच आहे.

मराठवाड्याचे स्वतःचे कंद मोजकेच, याला कारण माती. आपली काळी चिकण जमीन पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते, तिच्यात कंद फुगत नाही आणि पाणी साचलं की कुजतो. रताळं होतं ते मुरमाड, हलक्या रानात किंवा नदीकाठच्या मळीत. वसमतकडे हळद पिकते ती गादीवाफे उंच करून. शिवाय आता रानडुकरं. रात्रीतून रताळ्याचं अख्खं रान उकरून टाकतात, म्हणून कितीतरी शेतकऱ्यांनी वेल लावणंच सोडलं. हे मला फार लागतं.

हळदीवर थोडं थांबते, कारण मराठवाड्याच्या कंदांमध्ये सगळ्यात जास्त लोकरीत तिच्याभोवती आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उकरल्यावर कंदाचं कुटुंबच हातात येतं: मधला जेठा गड्डा, बाजूचे बगल गड्डे, आणि त्यांना फुटलेली हळकुंडं. ज्या हळकुंडाला लहान हळकुंडं चिकटलेली असतात ते लेकुरवाळं हळकुंड. हळद काढताना असं सापडलं की म्हाताऱ्या ते वेगळं काढून पदरात बांधतात. लग्नाच्या हळदीत, ओटीत, गरोदर लेकीच्या पूजेत तेच लागतं. विकायच्या मालात ते कधी टाकत नाहीत. मानी, हैनुवेले यांच्या कथांत कंद म्हणजे गेलेलं लेकरू, आपल्याकडे कंद म्हणजे लेकुरवाळी आई. हळदही तशीच खात नाहीत हेही लक्षात घ्या. शिजवायची, वाळवायची, घासायची, मग दळायची.

सुरण आणि अळकुड्यांना खाज असते. सुईसारखे बारीक स्फटिक त्यात असतात, ते घशाला टोचतात. आपल्या बायका हाताला तेल लावून सुरण चिरतात आणि चिंचेच्या पाण्यात उकडतात. चिंचेचा कोवळा पालाही चालतो. आयुर्वेदात सुरणाला अर्शोघ्न म्हटलंय, मूळव्याधीवरचा म्हणून. किनवट, माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध वस्त्यांवरच्या बायकांकडून मी कडू करांद्याची रीत ऐकली. पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, टोपलीत भरून टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायची, सकाळी एक काप जिभेच्या टोकावर लावून बघायचा, कडू लागला तर परत ओढ्यात. ॲमेझॉनची तिपिती आणि ही टोपली एकाच कामाच्या. ही माहिती असणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात आणि सुनांना डोंगरात जायला वेळ नाही. तुमच्या ओळखीत कुणी असतील तर बसून लिहून घ्या, हात जोडून सांगते.

आता सासूबाईंचं ताट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आहेत आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. निव्वळ स्टार्च. नऊ दिवस दोन्ही वेळा तोच खाल्ला की अंग गळतं, पोट धरतं, साखर चढते. वाद न घालता वाट्या बदला. साबुदाण्याची खिचडी एक दिवसाआड, आणि करताना शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने, वर दह्याची वाटी. दुसऱ्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी उकडलेलं रताळं दुधाबरोबर, नाहीतर सुरणाच्या फोडी तुपावर परतून. शंभर ग्रॅम रताळ्यात शंभराहून कमी कॅलरी आणि तीनेक ग्रॅम तंतू असतात. आतून केशरी रताळं मिळालं तर तेच घ्या, त्यात अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन भरपूर. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची भू सोना ही जात त्यासाठीच आहे. सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर घट बसायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण उपासात साखर एकदम खालीही जाते.

रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका, आत कडक होतात. टोपलीत, हवेशीर जागी ठेवा आणि कुदळ लागलेली आधी संपवा. किडीने पोखरलेलं, काळे डाग पडलेलं, कडू लागणारं रताळं मात्र डाग कापून वापरू नका, अख्खं टाका. कीड लागली की रताळं स्वतःच कडू विष तयार करतं, आणि ते उकडूनही जात नाही.